सेरेत्से खामा: गादी गेली, म्हणून देश घडला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "वर्णीय ऐक्यासाठी झटलेला राष्ट्रीय नेता म्हटलं की सगळे मंडेलांचं नाव घेतात. बोट्स्वानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याबद्दल वाचायला मिळतं ते फक्त त्यांच्या लग्नाबद्दल. त्यांनी प्रत्यक्षात केलं काय? ते खरंच मोठे नेते होते, की प्रेमकथेमुळे मोठे वाटतात?"

आफ्रिकेचा आधुनिक इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. वर्ग कोणताही असो, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. माझं मत आधी सांगून टाकतो. लग्नामुळे खामांची गादी गेली. गादी गेल्यामुळे ते एका जमातीचे राजे उरले नाहीत आणि म्हणूनच त्यांना देशाचं राजकारण करता आलं. त्यांचं खरं मोठेपण त्यानंतरच्या कायद्यांत आणि करारांत आहे, पण ते रुक्ष असल्यामुळे कुणी वाचत नाही. तरी सुरुवात लग्नापासूनच करावी लागेल, त्याला इलाज नाही.

सेरेत्से यांचा जन्म १ जुलै १९२१ रोजी सेरोवे इथे झाला. तेव्हा त्या प्रदेशाला बेचुआनालँड म्हणत आणि तो ब्रिटनच्या संरक्षणाखाली होता. आजोबा तिसरे खामा हे बांगवाटो जमातीचे नामांकित राजे. १८९५ साली आणखी दोन राजांना बरोबर घेऊन ते थेट लंडनला गेले आणि आपला मुलूख ब्रिटिश साम्राज्यवादी उद्योगपती सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या घशात जाऊ न देण्याची व्यवस्था करून आले. सेरेत्से चार वर्षांचे असताना वडील वारले आणि विशीतले काका त्सेकेदी राज्यपालक म्हणून कारभार बघू लागले. पुतण्याला त्यांनी पोटच्या मुलासारखं वाढवलं, शिकवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या फोर्ट हेअर महाविद्यालयातून १९४४ साली पदवी, मग ऑक्सफर्डचं बॅलिऑल कॉलेज, तिथून लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास. परत येऊन गादीवर बसायचं, एवढंच बाकी होतं.

१९४७ साली लंडनमध्ये मिशनरी सोसायटीच्या एका नृत्याच्या कार्यक्रमात त्यांची रूथ विल्यम्सशी ओळख झाली. रूथ विमा व्यवसायातल्या एका कचेरीत कारकून होती आणि महायुद्धात हवाई दलाच्या महिला शाखेत तिने काम केलं होतं. दोघांनी चर्चमध्ये लग्न करायचं ठरवलं, पण लंडनच्या बिशपने सरकारची संमती आणा म्हणून अडवलं. शेवटी २९ सप्टेंबर १९४८ रोजी केन्सिंग्टनच्या नोंदणी कार्यालयात लग्न झालं. रूथच्या वडिलांनी तिला घराबाहेर काढलं आणि सेरेत्सेंच्या काकांनी त्यांना ताबडतोब परत बोलावलं.

काका आणि पुतण्याचं राजकारण मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पण त्सेकेदींना सनातनी खलनायक ठरवून मोकळं होऊ नका. १९३३ साली सेरोवेतल्या एका गोऱ्या तरुणाला त्यांनी आपल्या न्यायसभेत फटक्यांची शिक्षा सुनावली होती. काळ्या राजाने गोऱ्याला शिक्षा द्यायची म्हणजे काय, म्हणून ब्रिटिश नौदलाची तुकडी तोफा घेऊन वाळवंटापर्यंत आली आणि त्यांना काही काळ पदावरून दूर करण्यात आलं. हा माणूस गोऱ्यांचा मिंधा नव्हता. त्यांचा मुद्दा वेगळा होता. राजाची बायको ही जमातीची आई, ती जमातीने निवडायची, आणि तिचा मुलगा उद्याचा राजा. सेरेत्सेंनी कुणालाही न विचारता लग्न केलं, हा त्यांच्या दृष्टीने घटनेचाच भंग होता.

याचा निकाल क्गोट्लात लागला. क्गोट्ला म्हणजे गावाची सभा. लाकडी खांबांच्या अर्धवर्तुळाकार कुंपणाआड पुरुष आपापली बसण्याची स्टुलं घेऊन जमतात, ज्याला बोलायचं तो बोलतो आणि राजा सगळ्यांत शेवटी बोलतो. नोव्हेंबर १९४८ मधल्या पहिल्या सभेत बहुमत सेरेत्सेंच्या विरोधात गेलं. डिसेंबरमध्ये पारडं हलू लागलं. जून १९४९ मध्ये तिसरी सभा भरली. अनेक दिवस भाषणं चालली, हजारो माणसं बसून होती. शेवटी सेरेत्से उभे राहिले आणि म्हणाले, माझी बायको ज्यांना नको असेल त्यांनी उभं राहावं. चाळीसेक जण उठले, त्यांतले बरेचसे राजघराण्यातलेच वडीलधारे. मग त्यांनी विचारलं, मला आणि तिला स्वीकारणारे किती? सगळं मैदान उठलं.

इथे लोकांना वाटतं की जमातीने वर्णभेद झुगारला. अंशतः ते खरं आहे. पण जुन्या नोंदी वाचताना दुसरी गोष्टही दिसते: लोकांना त्सेकेदींची भीती वाटत होती. पुतण्याला हाकलून हे स्वतःच गादीवर बसतील, असा संशय होता. गोऱ्या राणीपेक्षा कायमचा राज्यपालक त्यांना जास्त नकोसा होता. हेतू कोणतेही असोत, निर्णय झाला, आणि तो जमातीने स्वतःच्या रीतीने घेतला.

लंडनला तो मान्य झाला नाही, कारण प्रश्न सेरोवेचा उरलाच नव्हता. दक्षिण आफ्रिकेत मे १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली होती आणि १९४९ मध्ये तिने मिश्रविवाहबंदीचा कायदा केला होता. सीमेला लागूनच एक काळा राजा गोऱ्या राणीसह राज्य करणार, हे तिथल्या पंतप्रधान मलान यांच्या सरकारला सहन होण्यासारखं नव्हतं. ब्रिटनला दक्षिण आफ्रिकेचं सोनं हवं होतं आणि अणुबॉम्बसाठी युरेनियमही. शिवाय हे संरक्षित मुलूख पुढेमागे दक्षिण आफ्रिकेत सामील करण्याची तरतूद १९०९ च्या कायद्यातच होती, त्यामुळे शेजाऱ्याला चिडवायची लंडनची तयारी नव्हती. हे सगळं ॲटली यांच्या मजूर सरकारने केलं, हे विसरू नका. ज्या पक्षाने दोन-तीन वर्षांपूर्वी भारताला स्वातंत्र्य दिलं, तोच हा पक्ष.

न्यायाधीश हॅरॅगिन यांची चौकशी समिती नेमली गेली. तिने मोठी पंचाईत केली. सेरेत्से राजा व्हायला सर्वस्वी लायक आहेत, अडचण फक्त लग्नाची आणि त्यावरून शेजाऱ्यांच्या होणाऱ्या नाराजीची, असं तिने लिहून ठेवलं. हे छापणं म्हणजे आपण वर्णद्वेष्ट्यांच्या दबावाखाली वागतोय अशी कबुली देणं. म्हणून अहवाल तीस वर्षं दडवून ठेवला. १९५० च्या सुरुवातीला सेरेत्सेंना चर्चेसाठी म्हणून लंडनला बोलावलं आणि गादीवरचा हक्क सोडल्यास वर्षाला ११०० पौंड देऊ, असं सांगितलं. त्यांनी नकार दिला. मार्चमध्ये त्यांना पाच वर्षं मायदेशी बंदी झाली. रूथ तेव्हा सेरोवेत होती आणि गरोदर होती. बोलावणं दोघांनाही होतं, पण एकदा बाहेर पडलो तर परत येऊ देणार नाहीत हे ओळखून ती मागे राहिली होती. तिचा अंदाज बरोबर ठरला.

विरोधी बाकांवरून चर्चिल यांनी या व्यवहाराला लाजिरवाणा म्हटलं. मग ते स्वतः पंतप्रधान झाले आणि १९५२ मध्ये त्यांच्याच सरकारने पाच वर्षांची बंदी कायमची केली. सेरोवेत दंगल झाली, तीन पोलीस मारले गेले. सेरेत्सेंच्या जागी दुसरा राजा निवडा म्हणून ब्रिटिश अधिकारी वर्षानुवर्षं जमातीला सांगत राहिले आणि लोक सभा भरवायलाच नकार देत राहिले. लंडनमध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन होते. काळे म्हणून आपल्याला हॉटेलात जागा नाकारणाऱ्यांवर त्यांनी खटला भरून जिंकला होता. तरुण खासदार टोनी बेनही होते. पुढे सेरेत्सेंनी एका मुलाचं नाव अँथनी ठेवलं ते त्यांच्यावरून.

१९५६ मध्ये काका-पुतण्यांचा समेट झाला. दोघांनीही गादीवरचा हक्क कायमचा सोडला आणि सेरेत्से रूथसह साधे नागरिक म्हणून घरी परतले. गुरं पाळायचा व्यवसाय त्यांनी करून पाहिला, तो फारसा जमला नाही. १९६० च्या सुमारास मधुमेह निघाला. वय चाळिशीला टेकलेलं, हातात पद नाही, प्रकृती बरी नाही. चरित्र इथेच संपलं असतं तर ते फक्त एका लग्नाचं चरित्र झालं असतं.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा भाग.

१९६१ मध्ये ब्रिटिशांनी बेचुआनालँडसाठी विधिमंडळ काढलं. त्यात निवडून आलेले आफ्रिकी सदस्य दहा, युरोपीय सदस्यही दहा, आणि एक आशियाई. देशात आफ्रिकी लोक पाच लाखांहून जास्त आणि गोरे काही हजार. सेरेत्से या मंडळात बसले, मंत्रिपरिषदेतही गेले, आणि आतून ही वाटणी मोडायच्या मागे लागले. १९६२ मध्ये त्यांनी क्वेट मसिरे यांच्यासह बोट्स्वाना डेमोक्रॅटिक पार्टी स्थापन केली. आधीपासून असलेला पीपल्स पार्टी हा पक्ष जास्त जहाल होता, शहरांत आणि रेल्वेमार्गालगत त्याचा जोर होता. ब्रिटिशांना त्यांच्यापेक्षा सेरेत्से बरे वाटत, हे लपवायचं कारण नाही. ज्याला हद्दपार केलं त्याच्याच आधाराने त्यांना सन्मानाने निघून जायचं होतं. १ मार्च १९६५ च्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला एक मत होतं आणि वर्णानुसार एकही राखीव जागा नव्हती. सेरेत्सेंच्या पक्षाला ३१ पैकी २८ जागा मिळाल्या. गोऱ्यांना राखीव जागा काढून घेतल्यावर ते देश सोडून पळतील, अशी भाकितं होती. तसं घडलं नाही. जेम्स हॅस्किन्स हे गोरे गृहस्थ पुढे मंत्री झाले आणि नंतर संसदेचे सभापतीही.

३० सप्टेंबर १९६६ रोजी बोट्स्वाना स्वतंत्र झाला. झेंडा डोळ्यांसमोर आणा: निळ्या पार्श्वभूमीवर आडवा काळा पट्टा, त्याला वर-खाली पांढऱ्या कडा. दोन वर्ण शेजारी शेजारी, हाच त्याचा अर्थ. राजचिन्हावर झेब्रे आहेत, तेही त्याचसाठी. झेंड्याला खेटून असलेली परिस्थिती मात्र भीषण होती. १९६५ पर्यंत देशाची राजधानीच देशात नव्हती. कारभार सीमेपलीकडून, दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफकिंगमधून चाले. गाबोरोने हे शहर माळावर नव्याने उभं करावं लागलं. डांबरी रस्ते बोटावर मोजण्याइतके, लागोपाठच्या दुष्काळात लाखो गुरं मेलेली, सरकारचा रोजचा खर्च ब्रिटिश अनुदानावर.

या स्थितीत त्यांनी जे केलं त्यातली एक गोष्ट मी नेहमी सगळ्यांत वर ठेवतो: १९६७ चा खाण आणि खनिज कायदा. जमिनीखालच्या संपत्तीवर तोवर त्या त्या जमातीचा हक्क होता. नव्या कायद्याने तो राष्ट्राकडे आला. त्याच वर्षी ओरापाला हिऱ्यांचा प्रचंड साठा सापडला, आणि तो होता बांगवाटो मुलखात. म्हणजे खामांच्याच जमातीच्या जमिनीत. ते गादीवर असते तर या संपत्तीवरचा हक्क सोडून द्या असं आपल्याच माणसांना सांगणं त्यांना जमलं असतं का, याची मला शंका आहे. काँगोतल्या कटांगात तांब्यावरून आणि नायजेरियातल्या बियाफ्रात तेलामुळे फुटून निघण्याची यादवी कशी पेटली हे पाहिलं, की या कायद्याचं मोल कळतं. पुढे डी बीअर्स कंपनीशी वाटाघाटी करून १९७५ मध्ये सरकारचा हिस्सा पंधरावरून पन्नास टक्क्यांवर नेला. ब्रिटिश अनुदान १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबलं, कारण त्याची गरज उरली नाही. आज मुंबईत बीकेसीच्या हिरे बाजारात आणि सुरतेत जे खडे फिरतात, त्यांतले कित्येक याच खाणींतले असतात.

वर्णीय ऐक्याशी याचा काय संबंध, असं विद्यार्थी विचारतात. सरळ आहे. राजांचे अधिकार आणि जमातींचे आर्थिक हितसंबंध तसेच ठेवून 'काळे-गोरे एक' म्हणता आलं असतं, पण ते भाषणापुरतंच राहिलं असतं. सेरेत्सेंनी आधी आपल्या बाजूच्या भिंती पाडल्या. राजांना सल्लागार सभागृहापुरतं ठेवलं, १९६८ च्या कायद्याने जमीनवाटपाचा अधिकार त्यांच्याकडून काढून भूमी मंडळांकडे दिला. हे सगळ्यांना रुचलं असं नाही. बांगवाकेत्से जमातीचे राजे दुसरे बाथोएन गादी सोडून विरोधी पक्षात गेले आणि १९६९ च्या निवडणुकीत त्यांनी खुद्द उपराष्ट्राध्यक्ष मसिरेंना हरवलं. त्यावर कुणाला तुरुंगात टाकलं नाही. मसिरेंना नेमणुकीच्या जागेवर संसदेत परत आणलं आणि कारभार चालू राहिला.

सरकारी नोकऱ्यांतून गोऱ्यांना एका झटक्यात काढून टाका, ही मागणी त्यांच्या पक्षातूनही होत होती. सेरेत्से ऐकत नसत. माणूस तयार झाला की जागा द्यायची, तोवर परदेशी अधिकारी राहू दे, दर्जा घसरू द्यायचा नाही, हे त्यांचं धोरण. तरुण सुशिक्षितांना ते अपमानास्पद वाटे, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण त्या प्रशासनाची स्वच्छतेबद्दल पुढे जी ख्याती झाली, तिचा पाया या सबुरीत आहे असं मला वाटतं.

परराष्ट्र धोरणात कसोटी आणखी कठीण होती. रेल्वे गोऱ्यांची सत्ता असलेल्या शेजारच्या ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) मालकीची, चलन १९७६ पर्यंत दक्षिण आफ्रिकेचं रँड, हजारो तरुण जोहान्सबर्गच्या खाणींत मजुरीला. अशा देशाने वर्णविद्वेषी सरकारशी उघड वैर घेतलं असतं तर तो आठवडाभरात उपाशी मेला असता. सेरेत्सेंनी व्यापार चालू ठेवला पण राजदूतांची देवाणघेवाण कधी केली नाही. निर्वासितांना आसरा दिला, आपल्या भूमीवरून सशस्त्र हल्ले मात्र करू दिले नाहीत. यावर दोन्हीकडून टीका झाली. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने बोफुथाट्स्वाना नावाचं त्स्वानांचं, म्हणजे बोट्स्वानातल्या बहुसंख्य समाजाच्याच लोकांचं, तथाकथित स्वतंत्र राज्य उभं केलं. बोट्स्वानापेक्षा जास्त त्स्वाना लोक दक्षिण आफ्रिकेत राहतात. एका भाषेचे, एका रक्ताचे शेजारी आपलं म्हणून हाक मारत होते आणि सेरेत्सेंनी त्या राज्याला मान्यता दिली नाही. त्यांच्या राष्ट्रवादाची परीक्षा इथे झाली असं मी मानतो. वंशावर उभं केलेलं राज्य काळ्यांचं असलं तरी त्यांना नको होतं. फेब्रुवारी १९७८ मध्ये लेशोमाजवळ ऱ्होडेशियाच्या सैनिकांनी बोट्स्वानाच्या नवख्या सेनेचे पंधरा जवान मारले. सेना स्थापन होऊन तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. तेव्हासुद्धा देशातल्या गोऱ्या नागरिकांविरुद्ध त्यांनी एक शब्द काढला नाही.

त्यांच्या काळातला एक प्रसंग फार बोलका आहे. तीन देशांचं मिळून एक विद्यापीठ होतं. १९७५ मध्ये लेसोथोने आपला भाग वेगळा काढला, आणि बोट्स्वानाकडे स्वतःचं विद्यापीठ उभारायला पैसे नव्हते. सेरेत्सेंनी लोकांना हाक दिली: माणशी एक जनावर. ज्याच्याकडे गाय-बैल नव्हता त्याने धान्य, कोंबड्या, अंडी, रोकड दिली. विद्यापीठाच्या आवारात आज गाय घेऊन निघालेल्या माणसाचा पुतळा आहे तो त्याचा.

आता उणी बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. एक तर त्यांचं काम मंडेलांच्या मानाने सोपं होतं. गोरे एक टक्क्याच्या आसपास, बहुतेक जमीन आफ्रिकी लोकांच्याच हातात, घनघोर मुक्तियुद्धाच्या जखमा नाहीत. दुसरं, काळ्या-गोऱ्यांत समता आली तरी आफ्रिकी समाजांतच ती पुरती आली नाही. संविधानाने आठ त्स्वाना जमातींचे राजे मानले, कलांगासारख्या समाजांचे नाही. शाळेत फक्त सेत्स्वाना आणि इंग्रजी. सगळ्यांत जास्त सोसलं सान लोकांनी, ज्यांना तिथे बासार्वा म्हणतात. १९७५ च्या चराऊ जमीन धोरणात जे प्रदेश रिकामे समजून बड्या गुरंवाल्यांना देण्याचं ठरलं, तिथे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार करून राहत होते. कलहारीतल्या अभयारण्यातून त्यांना हलवलं ते खामांच्या पश्चात, पण दुर्लक्षाची सवय त्यांच्याच काळातली.

तिसरी गोष्ट नियतीने केलेल्या थट्टेसारखी आहे. १९६६ च्या संविधानात वंश, वर्ण, पंथ यांवरून भेदभावाला मनाई होती. त्या यादीत लिंग नव्हतं. पुढे कायदा असा झाला की परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या बोट्स्वानाच्या स्त्रीच्या मुलांना आपोआप नागरिकत्व नाही. परदेशी पत्नीसाठी गादी सोडणाऱ्याच्या देशात हा नियम होता. युनिटी डाऊ या वकील बाईंनी कोर्टात जाऊन १९९२ मध्ये तो अपील न्यायालयातही मोडून काढला.

सेरेत्से त्याआधीच गेले होते. १ एप्रिल १९८० रोजी झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, दक्षिण आफ्रिकेवरचं अवलंबित्व कमी करण्यासाठी शेजारी देशांची विकास परिषद स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. तेव्हा आजार बळावला होता. १३ जुलै १९८० रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गाबोरोनेत त्यांचं निधन झालं, वय ५९. सेरोवेच्या राजघराण्याच्या स्मशानभूमीत त्यांना पुरलं. रूथ इंग्लंडला परत गेल्या नाहीत. रेड क्रॉसच्या आणि स्त्रियांच्या संस्थांच्या कामात राहिल्या, २००२ मध्ये वारल्या आणि तिथेच विसावल्या.

मुलगा इयन २००८ ते २०१८ राष्ट्राध्यक्ष होता. त्याने नंतर आपल्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या उत्तराधिकाऱ्याशीच भांडून वडिलांचा पक्ष सोडला. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत तो पक्ष ५८ वर्षांनी सत्तेबाहेर गेला, संसदेत चार जागांवर आला. मावळत्या राष्ट्राध्यक्षांनी पूर्ण निकाल हाती येण्याआधीच पराभव मान्य केला आणि दिवसभरात नव्यांचा शपथविधीही झाला.